पाण्यातला धातू, घशातला धातू

डॉक्टरांच्या छंदांविषयी बोलायचे झाले, तर आपल्या मंडळात गाणारे आहेत, नाटकात काम करणारे आहेत, बाग फुलवणारे आहेत, आणि अलीकडे जन्मपत्रिका पाहू लागलेले एक ज्येष्ठ शल्यचिकित्सकही आहेत. परंतु पाण्याखाली हरवलेल्या मौल्यवान वस्तू यंत्राच्या साहाय्याने शोधण्याचा छंद आपल्यापैकी कोणी जोपासल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पाश्चात्त्य देशांत हा छंद चांगलाच रुजला आहे. कानांवर हेडफोन लावून, लांब दांड्याच्या टोकाला थाळीसारखे वेटोळे असलेले यंत्र हातात धरून, कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पाण्यात तासन्‌तास संथ गतीने चालणारी माणसे तेथील समुद्रकिनाऱ्यांवर व सरोवरांच्या काठी सर्रास दिसतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका मावसभावाने सेवानिवृत्तीनंतर हाच उद्योग आरंभला, आणि त्याच्या दीर्घ फोनवार्तांमुळे मला या विषयाची गोडी लागली. या छंदाचे मूळ एका रुग्णाच्या खाटेपाशी आहे आणि त्याचा एक धागा थेट बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच तो विषय वैद्यकीय स्मरणिकेत मांडण्याचे धाडस करीत आहे.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात दोन गोळ्या झाडण्यात आल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीतून आत शिरली व तेथेच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षे अवकाश होता. गोळी नेमकी कोठे आहे हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे जखमेत बोट किंवा सळई घालून चाचपणे. आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्या काळी अमेरिकेत सर्वमान्य झालेली नसल्यामुळे ही चाचपणी अस्वच्छ हातांनी वारंवार होत राहिली. अशा वेळी पाच वर्षांपूर्वीच टेलिफोनचे पेटंट मिळवलेला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीला धावून आला. डेव्हिड ह्यूज याने १८७९ मध्ये मांडलेल्या 'इंडक्शन बॅलन्स'च्या तत्त्वावर त्याने एक उपकरण सिद्ध केले. दोन वेटोळी अशा रीतीने बसवायची, की एकाचा परिणाम दुसऱ्यावर शून्य व्हावा आणि जोडलेला टेलिफोन मूक राहावा. जवळ धातू आला की तोल बिघडतो व टेलिफोनमधून आवाज येतो. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात बाळगणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्याने हे उपकरण आजमावून पाहिले.

२६ जुलै आणि १ ऑगस्ट अशा दोन दिवशी बेलने राष्ट्राध्यक्षांवर प्रयोग केले. दोन्ही निष्फळ ठरले. गादीच्या खाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे बेलला नंतर समजले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रमुख चिकित्सक डॉ. ब्लिस यांची गोळी उजव्या बाजूस आहे अशी ठाम समजूत होती, आणि शोध त्याच बाजूस घेतला गेला. १९ सप्टेंबर रोजी, म्हणजे एकूण एकोणऐंशी दिवसांच्या यातनांनंतर, गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूस, स्वादुपिंडामागे आढळली. ती तेथे निरुपद्रवी पडून होती. मृत्यूला कारण झाला तो जखमेत पसरलेला जंतुसंसर्ग. यंत्र ठीक होते, परंतु त्याखालची खाट आणि त्यामागचे निदान ही दोन्ही त्याच्या आड आली, असे माझे मत आहे.

१८९५ मध्ये राँटगेनच्या शोधानंतर या उपकरणाची वैद्यकातील गरज उरली नाही. पुढे गेरहार्ड फिशर याने १९३७ मध्ये अमेरिकेत धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की याने हातात धरून चालवण्याजोगे सुरुंगशोधक यंत्र तयार केले, व १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत त्याने सैन्याची वाट मोकळी केली. युद्ध संपल्यावर लष्कराकडील शिल्लक यंत्रे सामान्यांच्या हाती गेली, आणि तेथून या छंदाला खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला.

आता तत्त्व पाहू. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात नाणे किंवा अंगठी आली की तिच्यात भोवऱ्यासारखे लहान लहान प्रवाह उठतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे उलट चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात व ते यंत्राला ऐकू येते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की वस्तू चुंबकाला चिकटणारी असण्याची मुळीच आवश्यकता नाही. ती वीजवाहक असली म्हणजे पुरे. सोने, चांदी, तांबे व ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीत, परंतु या यंत्राला निश्चित देतात. मर्यादा आहे ती अंतराची. वेटोळ्याच्या मानाने वस्तू दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा संदेश जवळजवळ चौसष्टपटीने क्षीण होतो. त्यामुळे जाहिरातीत काहीही म्हटले तरी एकटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच हाती लागते.

पाण्याचा प्रश्न त्याहून मनोरंजक आहे. गोडे पाणी विजेचे दुबळे वाहक असल्याने यंत्राच्या दृष्टीने ते जवळजवळ हवेसारखेच. नर्मदेत किंवा आपल्या बड्या तलावात साधे यंत्र, त्याचे वेटोळे जलाभेद्य असले म्हणजे, उत्तम चालावे. समुद्राचे तसे नाही. त्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, आणि त्यामुळे समुद्र हाच एक प्रचंड धातू आहे अशा थाटात यंत्र किंचाळू लागते. यावर उपाय म्हणून स्पंद पद्धतीची यंत्रे निघाली. ती विजेचा क्षणिक झटका देतात, काही मायक्रोसेकंद थांबतात व मग ऐकतात. खाऱ्या पाण्यातील प्रवाह तेवढ्यात विरून जातो; धातूतील मात्र रेंगाळतो. गॅरेट कंपनीचे 'सी हंटर' हे अशाच पद्धतीचे यंत्र असून ते सुमारे साठ मीटर खोलीपर्यंत नेता येते. या पद्धतीचे वैगुण्य असे, की सोने कोणते आणि गंजका खिळा कोणता हे तिला नीट सांगता येत नाही. वाद्य वाजते, ते कोणी वाजवले ते कळत नाही. हे वाक्य वाचकांनी जरा ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपले शरीरही खारेच. सलाईनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ, म्हणजे समुद्राच्या साधारण एक चतुर्थांश. परंतु लहान मुलाच्या छातीची जाडी ती केवढी! तेथे क्षारांचा अडथळा नगण्य ठरतो.

अंगठ्या पाण्यातच का हरवतात, याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रात आहे. थंड पाण्यात त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व बोटाचा घेर कमी होतो. शिवाय बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांच्या टोकांना ज्या सुरकुत्या पडतात, त्या त्वचा पाणी शोषून फुगल्यामुळे पडतात अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी प्रत्यक्षात अनुकंपी मज्जातंतूंच्या प्रेरणेने रक्तवाहिन्या आकसून बोटाचा गाभा लहान होतो म्हणून त्या पडतात. मज्जातंतू तुटलेल्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. या निरीक्षणावर आधारलेली एक सोपी चाचणी ओ'रिअन याने १९७३ मध्ये सुचवली होती, व ती सहकार्य न करणाऱ्या लहान मुलांत विशेष उपयोगी पडते. तात्पर्य, घाटावर स्नान करणाऱ्याचे बोट बारीक झालेले असते, त्यावर साबण लागलेला असतो, आणि लग्नात घातलेली अंगठी कधी निसटली ते घरी गेल्यावर कळते.

निसटलेले सोने कोठे जाते? वाळूची घनता सुमारे २.६५, शिशाची ११.३ आणि शुद्ध सोन्याची १९.३. हलत्या वाळूत जड वस्तू हळूहळू खाली उतरत जाते व चिकणमातीचा किंवा खडकाचा टणक थर लागला की तेथे थांबते. पूर आला की अशा जड वस्तू वळणाच्या आतील बाजूस, खडकांच्या कपारींत, जेथे प्रवाहाचा वेग एकाएकी मंदावतो अशा जागी एकत्र होतात. अमेरिकेतले छांदिष्ट ज्या ठिकाणी शिशाची गळाची वजने सापडतात, तेथेच अंगठ्या शोधतात. हे ज्ञान आपल्याकडे यंत्रांच्या कितीतरी आधीपासून होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथात नद्यांच्या वाळूतून सोने धुऊन काढणाऱ्या 'सोनझरा' जातीची नोंद आहे. महाराष्ट्रात सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातील सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी होते. मरणासन्न व्यक्तीच्या मुखात तुळशीपत्रासह सोन्याचा कण ठेवण्याची आपली प्रथा. तेव्हा तीर्थक्षेत्रीच्या पाण्यात रक्षेबरोबर काय काय जात असेल याची कल्पना करता येते.

गणेशविसर्जनाच्या वेळचे किस्से तर दरवर्षीचे. २०२४ मध्ये बंगळूरमध्ये एका कुटुंबाने मूर्तीच्या गळ्यातील सोन्याची साखळी न काढताच विसर्जनाच्या फिरत्या टाकीत मूर्ती सोडली, व कित्येक तासांच्या शोधानंतर ती परत मिळाली. टाकी होती म्हणून मिळाली. तलाव असता तर गाळ, मूर्तींच्या सांगाड्यांतील खिळे आणि तारा यांच्या गोंगाटात उत्तमातले यंत्रही गोंधळून गेले असते. आपला बडा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधल्याचे मानले जाते, २००२ पासून तो रामसर करारातील पाणथळ क्षेत्रांत आहे, आणि शहराचा मोठा भाग त्याचेच पाणी पितो. तेव्हा त्याच्या तळाशी काय साठते हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा नव्हे. मूर्तींच्या रंगांतील शिशाचे बालकांच्या मेंदूवर होणारे परिणाम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे उल्लेख पुरे.

आता नर्मदेकडे वळतो. भोपाळहून तास-दीड तासाच्या अंतरावर होशंगाबाद, म्हणजे २०२२ पासूनचे नर्मदापुरम. रेल्वेने पूल ओलांडताना आपण हात जोडतो व खिडकीतून नाणे टाकतो. पूर्वी तांब्याची नाणी टाकीत व त्यामुळे पाणी शुद्ध होई, असे हल्ली आवर्जून सांगितले जाते. तांब्याच्या कलशात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात हे खरे. वाहत्या नर्मदेला चार नाण्यांनी शुद्ध करण्याची गोष्ट मात्र मला पटत नाही. ही नाणी पुढे वेचली जातात. सेठानी घाटावर व पुलाच्या आसपास जुन्या ध्वनिवर्धकातून काढलेले गोल चुंबक दोरीला बांधून पाण्यात फेकणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. युरोप-अमेरिकेत हाच प्रकार शक्तिशाली निओडिमियम चुंबक वापरून हौसेने केला जातो. येथे तो शाळेच्या वेळात, पोटासाठी केला जातो.

दहा-अकरा वर्षांच्या अशाच एका मुलाशी मी घाटावर बोलत बसलो होतो. चुंबकाला सर्व नाणी लागतात का, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नहीं साहब, एक-दो का सिक्का चिपकता है, पाँच का पीला वाला नहीं. और सोना तो बिलकुल नहीं. उसके लिए डुबकी लगानी पड़ती है." धातुशास्त्राचा पाठ त्याला कोणी दिला नव्हता, परंतु उत्तर अचूक होते. आपली एक व दोन रुपयांची अलीकडची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असतात व ती चुंबकाला चिकटतात. पाच रुपयांचे पिवळे नाणे निकेल-पितळेचे. जुनी रुपयाची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. त्याआधीचे पैसे ॲल्युमिनियमचे. ही सारी चुंबकाला जुमानत नाहीत. म्हणजे जे मौल्यवान, ते नेमके बुडी मारून हातानेच काढावे लागते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी चिंता येथे सुरू होते. त्या मुलाचा डावा कान वाहत होता. पाण्यात केवळ एक मीटर खाली गेले तरी कानाच्या पडद्यावर सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब पडतो. फरक ९० च्या आसपास गेला, म्हणजे सव्वा मीटरच्या सुमारास, की कान-घसा नलिका घट्ट मिटते व मग कितीही गिळले तरी ती उघडत नाही. सर्दी झालेल्या मुलात हे त्याही आधी घडते. पडदा फाटतो, घाटाचे पाणी मध्यकर्णात शिरते, आणि पुढील गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. फाटलेल्या कानात थंड पाणी गेल्यास पाण्याखालीच चक्कर येऊ शकते, आणि वर कोणते व खाली कोणते याचे भान सुटते.

याहून घातक गोष्ट श्वासाची. अधिक वेळ खाली राहता यावे म्हणून ही मुले बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतात. एकमेकांना तसे शिकवतात. त्यामुळे रक्तातील प्राणवायूत नगण्य भर पडते, परंतु कार्बन डायऑक्साइड मात्र बराच कमी होतो. श्वास घेण्याची ऊर्मी कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे येते, प्राणवायूच्या उणिवेमुळे फारशी नाही. परिणामी, ऊर्मी येण्यापूर्वीच प्राणवायू संपतो व मूल कोणतीही धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होते. काठावरच्या सोबत्याला तो अजून नाणी शोधतो आहे असेच वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, आणि त्यांत बालकांचे प्रमाण मोठे आहे. नदीकाठच्या गावांतील शाळा-तपासणीत आपण दात पाहतो, वजन करतो, "बुडी मारतोस का, आणि त्याआधी काय करतोस?" हा प्रश्नही मी गेली काही वर्षे आवर्जून विचारतो. उत्तरासाठी फार वेळ थांबावे लागत नाही.

हा छंद घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींसाठी दोन शब्द. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांतील रक्त वर ढकलले जाते व छातीतील रक्ताचे प्रमाण सुमारे ७०० मिलिलिटरने वाढते. निरोगी हृदय हे सहज पेलते आणि मूत्रपिंड लघवी वाढवून त्याची वाट लावते. उच्च रक्तदाबावर उपचार घेणाऱ्या पन्नाशीपुढील गृहस्थाने मात्र थंड पाण्यात तासभर उभे राहण्यापूर्वी आपल्याच एखाद्या हृदयरोगतज्ज्ञ मित्राला विचारावे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडा अजून तसाच आहे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात यंत्र घेऊन हिंडू नये हे सांगणे नलगे. आणि ज्याचा मालक शोधता येतो अशी वस्तू सापडली, तर १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमान्वये सापडवणारा हा तिचा केवळ राखणदार ठरतो. माझा मावसभाऊ सांगतो, की त्याच्याकडील खरा आनंद अंगठी सापडण्यात नसून आतल्या बाजूस कोरलेल्या नावावरून मालक हुडकण्यात आहे. त्याच्या मते या छंदात नव्वद टक्के सोड्याच्या बाटल्यांची झाकणे सापडतात. वहिनींचे मत याहून कडक आहे.

आता टेबलाकडे. मुले नाणी गिळतात. बहुतेक नाणी आपोआप जठरात उतरतात, परंतु काही अन्ननलिकेत अडकतात, आणि त्यांतील बहुसंख्य अगदी वर, क्रायकोफॅरिंजियसच्या पातळीवर. पोलीस बंदोबस्तात वापरली जाते तीच हातातली छडी वापरून नाण्याची जागा ठरवता येते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले असून नाण्यांच्या बाबतीत तिची अचूकता ९५ टक्क्यांहून अधिक आढळली आहे. समुद्रतळासाठी 'सी हंटर' बनवणाऱ्या गॅरेट कंपनीचीच छडी यांतील अनेक अभ्यासांत वापरली गेली. बेल ज्या कामात अयशस्वी ठरला ते काम शंभर वर्षांनी आपल्या विशेषशाखेत यशस्वी झाले, याचे मला कौतुक वाटते. या आधारावर क्ष-किरण टाळावेत, असेही काही अभ्यासकांनी सुचवले.

या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही, आणि कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी नर्मदेपलीकडच्या एका गावातून अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे आई-वडील आले. दिवाळीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी तिने "चंदी रुपया" तोंडात घातलेला आजीने पाहिला होता. गावाजवळच्या एका दवाखान्यात केळे खायला घाला, नाणे पडून जाईल, असे सांगण्यात आले. रात्रभर मुलीची लाळ गळत राहिली व तिने पाणीही घेतले नाही. माझ्याकडे पोहोचेपर्यंत चौदा तास झाले होते. छडी उरोस्थीच्या वरच्या खाचेवर खणखणीत वाजली. क्ष-किरण चित्रात वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ होते, व बाजूच्या चित्रात कडेला पायरी. ते नाणे नव्हते. विजेच्या शोभेच्या पणतीतील बटन सेल होता.

सीआर २०३२ या प्रकारचा सेल २० मिलिमीटर व्यासाचा असतो; आपला अलीकडचा रुपयाही जवळपास तेवढाच. आजीच्या नजरेला, आणि छडीच्या कानालाही, दोन्ही सारखेच. परंतु तीन व्होल्टचा हा सेल ओलसर श्लेष्मल त्वचेत अडकला, की ऋण ध्रुवापाशी हायड्रॉक्साइड तयार होऊन दोन तासांत खोल भाजणे सुरू होते. सेलमधून काही गळावे लागत नाही. वापरून "संपलेला" सेलही हे करतो. आमच्या सहकाऱ्यांनी तासाभरात दुर्बिणीतून सेल काढला. त्वचा काळी पडली होती. पुढे अन्ननलिका आकसली आणि वर्षभरात चार वेळा ती फुग्याने रुंदावावी लागली. त्या दरम्यानचे पहिले काही आठवडे मी धास्तावलेला होतो, कारण सेल काढल्यानंतरही महाधमनीपर्यंत छिद्र पडून एकाएकी रक्तस्राव होऊ शकतो. मुलगी वाचली, आता शाळेत जाते व पोळी खाते, फक्त सावकाश.

म्हणून माझी पद्धत अशी. नाणे गिळल्याचा संशय असलेल्या प्रत्येक मुलाचे पहिल्या भेटीत समोरून व बाजूने अशी दोन क्ष-किरण चित्रे, मानेपासून पोटापर्यंत. सेल अन्ननलिकेत असेल तर उपाशीपोटाची वाट न पाहता तत्काळ दुर्बीण. रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागणार असेल, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि बारा तासांच्या आतील घटना असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मधासाठी निघण्यास उशीर करू नये. नाणे अन्ननलिकेत असून मूल शांत असेल तर चोवीस तासांच्या आत काढावे. लाळ गळत असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर लगेच. एकाहून अधिक चुंबक गिळले असतील तर आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटून ते छिद्र पाडतात, आणि छडी त्यांच्यासाठी एकदाच वाजते. एक की दोन हे तिला कळत नाही.

मग छडीचा उपयोग काय? खूप आहे, परंतु तो पाठपुराव्यात. ती दोन-चार हजार रुपयांत मिळते. मुलाचे सर्व कपडे काढावेत. कमरेचा करगोटा, पायांतील वाळे, गळ्यातील ताईत, कानांतील डूल यांची आठवण ठेवावी. मुलाला धरून उभी राहिलेल्या आईच्या बांगड्या व मंगळसूत्र हेही वाजतात, म्हणून तिला हातभर मागे उभे करावे. टेबल लोखंडी असेल तर मुलाला जमिनीवर उभे करावे. बेलच्या पोलादी गादीची कथा मी माझ्या निवासी डॉक्टरांना येथे सांगतो. हनुवटीपासून जांघेपर्यंत, पुढून आणि पाठीमागून, छडी त्वचेला टेकवून सावकाश फिरवावी व जेथे सर्वांत मोठा आवाज येईल तेथे खूण करावी.

नाणे जठरात असल्याचे चित्रात एकदा निश्चित झाले, की मुलाला घरी पाठवतो. बहुतेक नाणी एक-दोन आठवड्यांत बाहेर पडतात. चार आठवड्यांनंतरही जठरातच असेल तर दुर्बिणीतून काढावे लागते. शौचात पाहत राहा असे सांगितले, तरी ते काम कोणी नेमाने करीत नाही, आणि नाणे गेले की राहिले या घोरात घरातील सर्वजण असतात. म्हणून आठवड्याने पुन्हा बोलावतो व छडी फिरवतो. ती मूक राहिली, की पुढच्या क्ष-किरणाची गरज नाही आणि केळ्यांचीही नाही.